मुकादमाचं दुखणं

घोडबंदर रोड सोडून बैलगाडी मिठागराच्या वाटेला लागली तेव्हाच गोदाला घरापुढचा धूर दिसला. भर दुपारी अंगणात जाळ कशाला पेटवलाय, याचा विचार करायची तिला गरज पडली नाही. जाळापाशी महिपत बसला होता. शीळफाट्याकडचा महिपत, गुरांना डाग देणारा. त्याला रविवारी बोलवायचं ठरलं होतं, आणि आज होता शुक्रवार.

"बघितलंस ना रे मुकादमा," ती मागे वळून म्हणाली, "माझी पाठ वळली की यांना जोर येतो."

पेंढ्यावर पडलेल्या मुकादमाने शेपूट एकदा हलवलं आणि पुन्हा ठेवून दिलं. दहा वर्षांचा कुत्रा तो. पिल्लू असताना मिठागरावर आला आणि बांधावरून काम करणाऱ्यांच्या मागेपुढे असा फिरायला लागला, की कोण मीठ ओढतंय आणि कोण बिडी ओढतंय यावर त्याचीच नजर आहे असं वाटावं. म्हणून गोदाच्या बापाने, म्हाताऱ्या भिवाने, त्याचं नाव मुकादम ठेवलं. गेल्या पावसाळ्यापासून मात्र मुकादमाला बांध चढवेना. उठताना तो आधी पुढचं अंग उचलायचा, मग मागचं ओढत वर आणायचा, आणि तेवढ्यात दोनदा खाली बसायचा. बसताना कण्हायचा. त्यावर घरातल्या शहाण्यांनी एकच उपाय शोधला होता, कमरेवर तापल्या लोखंडाचा डाग. गोदाने नको म्हणून सांगितलं, थोरल्या भावाने, धाकूने, ऐकलं नाही. तेव्हा आज पहाटे तिने कोणाला न विचारता बैल जुंपले, कुत्र्याला गाडीत घातलं आणि ठाण्याचा जनावरांचा दवाखाना गाठला. बाईमाणसाने गाडी हाकणं धाकूला पसंत नव्हतं. नसू दे. बैल म्हाताऱ्याच्या वाट्याचे होते, आणि नवरा गेल्यावर माहेरी आल्यापासून वीस वर्षं म्हाताऱ्याचं सगळं गोदाच बघत होती.

गाडी अंगणात थांबायच्या आतच धाकू ओटीवरून उतरला.

"कुठं नेलास त्याला? सकालपासून सगले बांध पालथे घातले आमी. महिपतभाऊ बसून कंटाललं."

"मंग त्यांना जाऊ दे की घरी. रविवार ठरलेला ना रं दादूस?"

"तू मधी आली असतीस, म्हनून आज बोलावलं."

धाकू खोटं बोलत नसे, एवढा एक गुण त्याच्यात होता. गोदाने मुकादमाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन खाली उतरवलं. तिची कंबर भरून आली, पण ती कोणाला मदतीला ये म्हणाली नाही आणि कोणी आलंही नाही. म्हातारा भिवा ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. धाकटा भाऊ काळुराम पायरीवर तंबाखू मळत होता. दोघी वहिन्या आपापल्या दारात उभ्या होत्या, धाकूची लक्ष्मी डावीकडच्या आणि काळुरामची तुळसा उजवीकडच्या. घर एकच होतं, पण दोन वर्षांमागे सुकटीच्या मडक्यावरून जावांचं वाजलं आणि एका घरात तीन चुली झाल्या, दोन सुनांच्या दोन आणि म्हाताऱ्याची गोदा सांभाळायची ती तिसरी. भांडी वाटली, गुरं वाटली. कुत्रा वाटायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. लक्ष्मी आणि तुळसा तेव्हापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. विहिरीवर गाठ पडलीच तर रहाटाला ऐकवायच्या.

"डाक्टरला दाखवून आणलं मी त्याला," गोदा म्हणाली. "तो काय बोलला ते ऐका सगल्यांनी. मंग जाळाचं काय ते बघू."

डॉक्टर काय बोलले ते आठवलं तरी तिचे कान तापत होते. चष्मा लावलेले, पुणेरी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मुकादमाचे मागचे पाय एकेक करून वाकवले, खुब्यावर बोटं दाबली, आणि मग औषधाचं काही न बोलता भलतंच विचारलं.

"बाई, याला जेवायला कोण घालतं?"

"मी."

"आणखी?"

"मोठी वयनी घालते कवा कवा."

"आणखी?"

गोदाने बोटांवर मोजायला सुरुवात केली, आणि एका हाताची बोटं संपली. डॉक्टरांनी मुकादमाला धान्याच्या काट्यावर चढवायला लावलं. काट्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला.

"वीस रत्तल जास्त आहे हा. सांधे झिजलेत ते वयामुळे, त्याला कोणाचा इलाज नाही. पण झिजलेल्या सांध्यांवर हे ओझं तुम्ही लादलंय. एका घरून जेवण द्या, आणि आत्ता देता त्याच्या निम्मं. निजायला कोरडी, जमिनीपासून उंच जागा. सकाळ-संध्याकाळ कोमट शेक. सपाटीवर थोडं चालवा, बांधावरून उड्या नकोत. फारच दुखलं तर ही पुडी, तीही जेवणावर. पूर्ण बरा होईल असं मी म्हणत नाही. पण हिंडता-फिरता राहील."

"आनि डाग?"

"दुखण्यावर जखम होईल, दुसरं काय. तुमचं खारट पाण्यातलं जनावर. ती जखम चिघळली तर मग माझ्याकडे आणू नका."

हे सगळं गोदाने जसंच्या तसं अंगणात सांगितलं. म्हणजे पुणेरी तेवढं वगळून. ती बोलायची थांबली तशी तुळसा दारातून पुढे आली.

"म्हंजे बाय, आमच्या भाकरीनं कुत्रा लंगडा झाला?"

"माझ्या दारात तो येतो," लक्ष्मी आकाशाकडे बघून म्हणाली, "कारन बाकीच्या त्याला पोटभर घालीत नाय. मुक्या जनावराला हाकलून देऊ काय मी?"

"हेच," गोदा म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तो तिने चढू दिला. "हेच चाललंय दोन वर्सं. वयनी, सकाली तव्यावरची पयली भाकरी तू त्याला घालतंस. का? तर तुला वाटतं तुळसा त्याला उपाशी मारते. तुळसा, दुपारी निवट्यांच्या कालवनात भात कालवून तू घालतंस, कारन तुला वाटतं वयनीचा हात आखडता. कालुराम, तू मटनाची चरबी टाकतोस. बाबा, तू ताटातलं अर्धं खाली सारतोस, आनि मना वाटतं तुझी भूक मेली. आनि मी." ती क्षणभर थांबली. "मी सांजच्याला ताट भरून पेज नि बोंबील. का? तर या दोघी त्याला काय घालनार म्हनून. पाय मोडले आपन त्याचे. पयली मी."

दुसऱ्याला बोल लावताना स्वतःचं नाव घेतलं की समोरचा जरा तरी ओशाळतो, असा गोदाचा आजवरचा समज होता. तो किती खुळा आहे ते तिला लगेच दिसलं. तुळसाने मान वळवली आणि सरळ लक्ष्मीकडे बघितलं.

"मोठ्या बाय, ऐकलंत?"

"ऐकलं गो. घास घातला ते पाप झालं."

"आपन वंगाळ, आनि डाक्टर शाना."

दोन वर्षांचं मौन. नवस बोलून झाले, सोयरे मध्यस्थी करून थकले, गणपतीत एका आरतीला दोघी दोन टोकांना उभ्या राहिल्या. आणि ते मौन सुटलं ते या कामासाठी. दोघी एकमेकींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि गोदाकडे अशा बघायला लागल्या, जणू सुकटीचं मडकं हिनेच फोडलं होतं. हसावं की जाऊन खांबावर डोकं आपटावं, गोदाला कळेना.

"पन बाय बोलते त्यात तथ्य हाय," काळुराम पायरीवरून म्हणाला. "वजन तर वाढलंय त्याचं. मी उचलायला गेलो परवा, माझी कंबर धरली."

"तुझी चरबी पन त्यातच हाय," गोदा म्हणाली.

काळुरामने तंबाखू तोंडात टाकली आणि बाजू बदलली. "मी आपली वाईच टाकतो, सनासुदीला. त्यानं काय होतंय."

"बरं, एका घरून द्यायचं ना जेवान?" तुळसा म्हणाली. "मंग आमच्या घरून देऊ. वाईच घालू, पन घालू."

लक्ष्मीची मान गर्रकन वळली. "तुमच्या का? थोरलं घर आमचं हाय. तो निजतो आमच्या दारात."

"निजतो तुमच्या दारात कारन तिथं सावली असते."

मघाशी जुळलेली जोडी एवढ्यात फुटलीसुद्धा. जो घालील त्याचा कुत्रा, आणि ज्याने घालायचं सोडलं त्याने हार खाल्ली, असा हा हिशेब होता. कुत्र्याचे खुबे त्यात कुठेच बसत नव्हते. मुकादम आपला अंगणाच्या मधोमध एका कुल्ल्यावर बसून जो बोलेल त्याच्या तोंडाकडे आशेने बघत होता. कोणीतरी काहीतरी देईल, एवढंच त्याला ठाऊक.

"पुरे," धाकू म्हणाला. "आता कुत्र्यावरनं परत चुलीचं भांडान नको. त्यापरास डाग देऊन मोकले होऊ. पाय बरे होतील. मंग ज्याला जे घालायचं ते घालू दे, कोनाचं मन मोडायला नको."

गोदाने त्याच्याकडे बघितलं. आपल्या भावाला हे शहाणपणाचं वाटतंय, खरोखर वाटतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यानेच तिच्या अंगाची जास्त लाही झाली.

"म्हंजे तुमचा सगल्यांचा मान राहावा म्हनून त्याला भाजायचं? भाकरी कमी कराया मन व्हत नाय, आनि सळी लावाया हात उठतो?"

"आवाज खाली कर."

"का करू? घर माझ्या बापाचं हाय."

आता महिपत उठला. मघापासून तो जाळातली सळी उलटसुलट करत होता, हे भांडण आपलं नाही अशा बेताने. पन्नाशी ओलांडलेला, स्वच्छ धोतराचा, शांत माणूस. वाईट म्हणता येईल असं त्याच्यात काही नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "माझा हात काही शिकाऊ नाही. बापाकडून घेतलेली विद्या आहे. वातावर डागासारखं दुसरं औषध नाही. तुमच्या घरात मी हे सांगावं का? तुमच्या वडिलांचे दोन्ही गुडघे माझ्या बापाने डागले. चाळीस वर्षं झाली. ते कधी म्हणाले का, दुखतात म्हणून?"

"इच्यारा तिलाच, महिपतभाऊ," धाकू म्हणाला.

कमरेला रुमाल नेसलेल्या भिवाच्या उघड्या गुडघ्यांवरचे ते गोल, चकचकीत डाग घरातल्या प्रत्येक पोराने बोट फिरवून बघितले होते. त्या डागांनंतर म्हातारा तीस वर्षं कोंड्यांत, मिठाच्या वाफ्यांत, उभा राहून मीठ ओढत होता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. महिपतच्या बापाचं नाव निघालं की लोक भिवाकडे बोट दाखवायचे.

धाकूने मुकादमाच्या गळ्यात दोरी अडकवली. काळुराम उठला, आला, आणि खाली बसून त्याने कुत्र्याचे पुढचे पाय धरले. मुकादमाने त्याचा हात चाटला. काळुरामने मान फिरवली, पण पाय सोडले नाहीत. महिपतने सळी बाहेर काढून बघितली, अजून हवी तशी लाल नव्हती म्हणून परत जाळात सारली.

गोदा ओटीकडे वळली. म्हातारा काही बोलेल अशी तिला आशा नव्हती. तिला फक्त ओरडायला कोणीतरी हवं होतं.

"सांग ना मंग बाबा. तू घरातला मोठा. तुझ्या गुडघ्यांच्या जोरावर चाललंय हे सगलं. सांग त्यांना, लय गुन आला म्हनून, आनि भाजून टाका त्याला."

भिवाने भिंतीची पाठ सोडली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"दुखतात," तो म्हणाला.

"काय?"

"गुडघे. दुखतात."

"कवापासून?" धाकूने विचारलं.

"थांबलेच नाय कवा."

जाळात एक लाकूड फुटलं. मग धाकूच पुन्हा म्हणाला, "पन तू तर गुन आला बोललेलास. सगल्या गावाला."

"पंधरा दिसांनी याचा बापूस आयला." भिवाने महिपतकडे हनुवटीने दाखवलं. "इच्यारलान, भिवा, गुन आला का? नाय म्हनलो असतो तर सळी परत जालात गेली असती. मी हाय बोललो. एकदा हाय बोललो ते बोललोच. मंग कोन इच्यारील त्याला तेच."

गोदाला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. कुत्र्याची सुटका होती ती. पण तिच्या डोळ्यांपुढे भलतंच आलं.

"बाबा, आयसच्या कमरेला डाग दिला तवा तू इथंच बसलेलास. याच जागी. ती नको नको बोलत व्हती. तू तिला बोललास, मना गुन आला, तुला पन येईल."

"बोललो."

"मंग ती पन बरं वाटतं बोलायला लागली. मरंस्तवर तेच बोलत व्हती. वाकून घागर उचलताना तोंड पलीकडं करायची, मी बघितलंय. तुला ठाव व्हतं ती खोटं बोलते?"



"मना नाय तर कोनाला ठाव असनार."

"आनि तू गप बसलास."

"गप बसलो."

तिला त्याला खूप काही सुनवायचं होतं. मिठाच्या पाण्यात पाय कुजवून त्याने पोरं वाढवली, हे ती कधी विसरली नव्हती. पण हे कसं माफ करायचं? स्वतः भाजून घेतलं ते एक झालं. दुसऱ्याला भाजताना बघत बसला, आणि तेही आपल्याच बायकोला. घरात दुखलं तर कण्हणारा एकटा मुकादमच होता, आणि त्याच्याच कण्हण्याचा सगळ्यांना त्रास होत होता. तिने पदराने तोंड पुसलं. "आज बापाचं तोंड बघावंसं वाटत नाय मना," ती म्हणाली, आणि ते भिवाला ऐकू जाईल असं म्हणाली.

महिपतचा चेहरा उतरला होता. पण त्याला आपल्या बापाचीही लाज राखायची होती.

"एका म्हाताऱ्या माणसाचं मन आज फिरलं," तो म्हणाला, "म्हणून विद्या खोटी होत नाही. गेल्या शिमग्याला तुमच्याच थोरल्या सुनेच्या खांद्याला मी डाग दिला. आठ दिवसांनी मुद्दाम येऊन गेलो. धाकूभाऊंच्या समोर त्यांनी मला सांगितलं, उतार पडला म्हणून. विचारा. त्या तर इथेच उभ्या आहेत."

सगळ्यांनी लक्ष्मीकडे बघितलं. लक्ष्मी खाली बघत होती.

"सांग गो," धाकू म्हणाला. हुकूम नव्हता तो. आता तरी आपल्या बाजूने कोणीतरी बोलेल, अशी खात्री होती त्याला. "सांग महिपतभाऊंना."

बोलली ती तुळसा, लक्ष्मीकडे न बघता, पण यावेळी रहाटालाही न ऐकवता.

"मोठ्या बायना रहाट ओढवत नाय. शिमग्यापासून मी बघतंय. मी विहिरीवर असली तर माझी घागर भरून झाल्यावर भरलेला पोहरा अर्धा वर आनून ठेवतंय. उरलेला त्या डाव्या हातानं ओढतात."

गोदाला हे ठाऊक नव्हतं. धाकूलाही नव्हतं. बोलणं बंद असलेल्या जावेला ठाऊक होतं, आणि तिने ते कोणाला कळू न देता निभावून नेलं होतं. लक्ष्मीने मान वर केली. आधी तुळसाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"दुखतो," ती म्हणाली. "पयला दुखायचा त्याच्या दुप्पट दुखतो. रात्री त्या कुशीला वळता येत नाय."

"मंग त्या दिवशी उतार पडला का बोललीस?" धाकूचा आवाज खाली आला होता.

"महिपतभाऊंनी तुमाला इच्यारलं, दुसरा डाग लागंल का. तुमी बोललात, लागंल तर देऊ. मना कोनी इच्यारलं नाय, दुखतो का म्हनून. गुन आला का, एवढंच इच्यारलं. मंग मी आला बोलले."

धाकू उभाच राहिला. त्याने बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि भिंतीकडे बघितलं, जिथे त्याची आई दळायला बसायची. दोरी अजून त्याच्या मुठीत होती.

"मंग या घरात डागानं बरं झालं तरी कोन?"

तो कोणा एकाला विचारत नव्हता. महिपतने जाळाकडे बघितलं आणि तिथेच बघत राहिला. भिवा गुडघ्यांवरचे हात काढेना.

काळुरामने मुकादमाचे पाय सोडले.